दोन लेकरं घेऊन संभाजीनगर फिरताना

सकाळी एकच ठिकाण धरा, दोन नकोच. आमची धाकटी दोन वर्षांची, थोरला चौथीत. दोघांना पुरते ती पाणचक्की. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या नळांतून येतं अन् उंचावरून हौदात कोसळतं. थोरल्याला विचारायचं, विजेशिवाय जातं कसं फिरायचं रे? तो डोकं खाजवेपर्यंत धाकटी हौदातले मासे बघते.

बीबी का मकबऱ्याला पायऱ्या आहेत, बाबागाडी घरीच ठेवा. दौलताबाद किल्ल्यातली अंधारी, म्हणजे ती काळोखी भुयारी वाट, धाकटी मोठी झाल्यावर. वेरूळ मंगळवारी बंद असतं. गेलात तर सोळा नंबरचं कैलास तेवढं बघा, बाकीचा मोह आवरा (नवऱ्याला हे अजून पटत नाही).

सोबत दशम्या अन् शेंगदाण्याची चटणी. मार्चनंतर अकरालाच परता.