राजवाड्याची गोष्ट चिखलात कशी न्यावी

नातीला झोपवताना मी परीकथा तिथल्या तिथे रचते. सुरुवात हावेपासून करायची. जर्मनीच्या ग्रिम बंधूंच्या १८१२च्या परीकथासंग्रहातली मासेमार कोळ्याची बायको जादूच्या माशाकडे घर, राजवाडा, अगदी पोपचं पदही मागते आणि शेवटी जुन्या खोपटातच परतते. मागण्यांचा हा चढता जिना उसना घ्या, शिक्षा मात्र वगळा. झोपताना कशाला धाक? त्याऐवजी सगळं मिळालेल्या राजकन्येला एकदा अनवाणी चिखलात उतरवा. राजवाडा एका वाक्यात उरका, चिखल सावकाश सांगा: गार, पचपचीत, बोटांच्या फटीतून वर येणारा. इथे नात पांघरुणात पाय हलवायला लागते. ‘म्हणून बाळा’ हे तात्पर्याचे शब्द गिळायचे. मला अजून जमत नाही, जीभ वळवळतेच. पुढचं तिलाच विचारा. काल तिने राजकन्येला डबक्यातच झोपवलं, मुकुटासकट.