घरातल्या कोणाची काळजी वाटतेय? १४४१६ ला फोन कसा करायचा

घरात कोणी "मी नसलो तर सगळ्यांचं बरं होईल" असं बोलायला लागलं, झोप उडाली, जेवण तुटलं, की आपण काय करतो तर "असलं अभद्र बोलू नये" म्हणून विषयच बंद करतो. नका करू असं. टीव्ही बंद करा, दोघंच बसा आणि सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का मनात?" विचारल्याने डोक्यात नवीन काही भरत नाही, उलट एकदाचं कोणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. मग फक्त ऐका. "लोकांना बघ किती दुःख आहे" हे तर अजिबातच नको.

आता फोन. टेली-मानस ही केंद्र सरकारची हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, २४ तास, पूर्ण मोफत, मराठीत बोलता येतं. १४४१६ नाही लागला तर १८००-८९१-४४१६. भाषा निवडायची, मग काउन्सेलर लाइनवर येतो. ज्याला त्रास होतोय त्यानेच फोन करायला पाहिजे असं काही नाही, आई करू शकते, रूममेट करू शकतो, आणि खरं सांगायचं तर तो माणूस स्वतः करेल याची वाट बघत बसूच नका. त्रास कधीपासून आहे, दारू आहे का, आधी असा प्रयत्न झालाय का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, एवढं कागदावर लिहून मग लावा, ऐनवेळी काही आठवत नाही. गरज वाटली तर पुढे सायकियाट्रिस्टशी जोडून देतात, नाहीतर जिल्ह्याच्या सिव्हिलला पाठवतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे, पण सिव्हिलमध्ये हे डॉक्टर भेटतात हे गावात किती जणांना माहितेय?

धोका आत्ता समोर असेल तर हेल्पलाइन नाही, सरळ १०८ किंवा ११२. माणसाला एकटं सोडायचं नाही. फवारणीची औषधं, गोळ्यांचा साठा घरातून हलवा, शेजाऱ्याकडे ठेवा. २०२२ च्या राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरणातही कीटकनाशकं हाताशी नसावीत यावर भर आहे. त्याच धोरणात २०३० पर्यंत आत्महत्यांनी होणारे मृत्यू १० टक्क्यांनी कमी करायचं म्हटलंय, मला हे टार्गेट छोटंच वाटतं, कारण एकट्या २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जण गेले आणि सगळ्यात जास्त, २२,७४६, आपल्या महाराष्ट्रात.

पोलिसांची भीती घालणारे नातेवाईक भेटतीलच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारा माणूस प्रचंड तणावाखाली होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षा नाही, आणि आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेचं जुनं कलम ३०९ तर जुलै २०२४ पासून गेलंच (सरकारी कर्मचाऱ्यावर दबाव आणायला केलेला प्रयत्न तेवढा अजून गुन्हा आहे). हॉस्पिटल एमएलसी (पोलिसांना कळवायची केस) नोंदवेल, पोलीस जबाबाला येतील, तेवढ्यासाठी उपचार लांबवू नका.

डिस्चार्जनंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात नाजूक असतात, घरच्यांना मात्र वाटतं सुटलो. पुढच्या ओपीडीची तारीख तुम्हीच लक्षात ठेवा, आणि बरं वाटतंय म्हणून डॉक्टरला न विचारता गोळ्या बंद करू देऊ नका.