शेतावरील रास्पबेरी पायमध्ये दुरून लॉगिन: या चुका टाळा

वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागेतील मोटरघरात ठेवलेल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकामध्ये अमरावतीहून एसएसएचने (नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याची पद्धत) लॉगिन होत नसेल, तर आधी तिकडे लाइन आहे का हे विचारावे आणि मगच पडद्यावरील संदेश नीट वाचावा. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असे आल्यास यंत्र सहसा चालू असते, पण एसएसएच सेवा बंद असते. अधिकृत प्रणालीत ही सेवा नोव्हेंबर 2016 पासून मुळातच बंद ठेवलेली असते आणि एप्रिल 2022 पासून पूर्वीचे ठरलेले वापरकर्तानाव व पासवर्डही उरलेले नाहीत. त्यामुळे जुना व्हिडिओ पाहून तेच टाकत बसू नये. मेमरी कार्ड तयार करतानाच इमेजर या कार्डावर प्रणाली टाकणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एसएसएच आणि वापरकर्तानाव-पासवर्ड या दोन्ही गोष्टी ठरवून घ्याव्यात.

‘परमिशन डिनाइड’ आल्यास अनेक जण नवी ‘की’ (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइल) तयार करतात, पण दोष पुष्कळदा फाइलच्या परवानग्यांत, म्हणजे ती कोणी वाचावी-बदलावी या नोंदीत असतो. डॉट-एसएसएच फोल्डरला 700 आणि ऑथराइज्ड-कीज फाइलला 600 परवानगी द्यावी. सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारी आज्ञा) वापरून फाइल तयार केली असेल, तर तिची मालकी रूट या प्रशासक खात्याकडे गेलेली नाही ना, हेही पाहावे.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे कीने लॉगिन होते की नाही हे न तपासताच पासवर्डने लॉगिन बंद करणे, कारण मग भर पावसात चिखल तुडवत, की-बोर्ड आणि स्क्रीन घेऊन शेत गाठावे लागते. सेटिंग बदलताना पहिली खिडकी उघडीच ठेवावी, एसएसएचडी या एसएसएच सेवेच्या प्रोग्रॅमच्या ‘-t’ पर्यायाने सेटिंगची फाइल तपासावी, सेवा पुन्हा सुरू करावी आणि दुसऱ्या खिडकीतून कीने आत जाता आले तरच पहिली बंद करावी.

घरच्या वायफायवर सगळे चालते, पण बाहेरून ‘टाइम्ड आउट’ येते, ही तक्रार सिमवरच्या राउटरबाबत नेहमीची आहे. राउटरचा बाहेरचा पत्ता 100.64 ते 100.127 यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर तो अनेक ग्राहकांत वाटलेला असतो आणि 22 क्रमांकाचे (एसएसएचचे) पोर्ट फॉरवर्ड करूनही, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी राउटरवरून पायकडे वळवूनही, उपयोग होत नाही. तेथे दूरची यंत्रे खासगी जाळ्यात जोडणारे टेलस्केल किंवा वायरगार्ड वापरावे. वायरगार्डसाठी मात्र सार्वजनिक पत्ता असलेले दुसरे यंत्र लागते.

वारंवार लाइन गेल्याने कार्ड खराब होऊन प्रणाली नव्याने टाकली, तर यंत्राची ओळख बदलल्याचा मोठा इशारा येतो. बदल आपणच केला असेल, तर एसएसएच-कीजेन या आज्ञेच्या ‘-R’ (मोठा आर) पर्यायाने आपल्या संगणकावरील त्या यंत्राची जुनी नोंद काढावी. आपण काहीही बदलले नसेल, तर पासवर्ड टाकू नये.