ब्लू मून, सुपरमून की नुसतीच पौर्णिमा? पंचांग काढा

पंचांगात पौर्णिमेचा वार नको, तिथीची समाप्ती बघा. सूर्य-चंद्रातलं अंतर १६८ अंश झालं की पौर्णिमा लागते, १८० झालं की संपते. ती संपते तो क्षणच खरा पूर्णचंद्राचा. गल्लत होते ती इथेच: २०२३ ची राखीपौर्णिमा ३० ऑगस्टला, पण तिथी संपली ३१ ला सकाळी सातनंतर.

आता ब्लू मून. एकाच इंग्रजी महिन्यात अशा दोन समाप्ती आल्या, तर दुसरी ब्लू मून. दोन पूर्णचंद्रांत सरासरी २९.५३ दिवस जातात, म्हणून पहिली १ किंवा २ तारखेला नसेल तर पुढे शोधूच नका. फेब्रुवारी तर बादच. वेळ मात्र भारतीय धरा. २००७ मध्ये अमेरिकेत ब्लू मून ३१ मे रोजी होता, आपल्याकडे ३० जूनला.

हा नियम मुळात चुकीतून आला. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या एका शेतकी पंचांगात संपात (दिवस-रात्र समान) आणि अयन (सर्वांत मोठा किंवा सर्वांत लहान दिवस) यांमधल्या तिमाहीत चार पौर्णिमा आल्या, तर तिसरीला ब्लू मून म्हणत. चौथीला नाही, कारण तिमाहीतल्या शेवटच्या पौर्णिमेचं नाव आधीच ठरलेलं असे. १९४६ साली 'स्काय अँड टेलिस्कोप' मासिकातल्या लेखात त्याचा अर्थ चुकला आणि चूकच रूढ झाली. जुन्या नियमाने १९ ऑगस्ट २०२४ ची नारळी पौर्णिमा ब्लू मून ठरते: २२ जून, २१ जुलै, १९ ऑगस्ट, १८ सप्टेंबर यांतली तिसरी.

ब्लू मून म्हणजे अधिक महिन्यातली पौर्णिमा, असं समजू नका. मूळ हिशेब एकच आहे: १९ वर्षांत पौर्णिमा २३५, इंग्रजी महिने २२८, वरच्या सात, अधिक महिनेही सातच. पण अधिक महिना ठरतो संक्रांत, म्हणजे सूर्याचा राशीप्रवेश, नसलेल्या चांद्रमासावरून. २०२३ मध्ये अधिक श्रावणातली पौर्णिमा आधीची होती, ब्लू मून नंतरचा. ३१ मे २०२६ ला मात्र अधिक ज्येष्ठातली पौर्णिमा आणि ब्लू मून एकत्र येतात.

सुपरमून म्हणजे चंद्र पृथ्वीच्या जवळ असतानाची पौर्णिमा. त्यासाठी नुसतं पंचांग पुरत नाही, चंद्राचं पृथ्वीपासूनचं अंतर लागतं. ते साधारण ३ लाख ६० हजार किलोमीटरांच्या आत हवं. ही मर्यादा अधिकृत नाही. शब्दच १९७९ साली रिचर्ड नोल या ज्योतिषाने काढलेला, म्हणून याद्या जुळत नाहीत. '१४ टक्के मोठा' ही तुलना सर्वांत लांबच्या पौर्णिमेशी असते, नेहमीच्या चंद्राशी नव्हे. नुसत्या डोळ्यांना फरक जाणवणं कठीणच.