पीसी अचानक चालूच होत नाही? दुकानात न्यायच्या आधी घरी एवढं तपासा

मे महिना लागला की मला आठवड्यातून एकदा तरी असा फोन येतोच, भाऊ कम्प्युटर चालूच व्हत नही, रात्री तर चांगला होता. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास, लाईटची दिवसभर ये-जा, बाजूला कूलर ओल आणि धूळ दोन्ही फेकतोय आणि त्याच खोलीत पीसी. मग बंद पडला की माणूस घाबरून कॅबिनेट उचलतो अन सरळ दुकानात. माझ्या मावसभावाला एकाने आत नीट न पाहताच सांगून टाकलं मदरबोर्ड (आतला मुख्य बोर्ड) गेला, साडेपाच हजार लागतील, आणि पोराचे ॲडमिशनचे फॉर्म भरायचे राहिले होते म्हणून हा पैसे द्यायला तयार पण झाला होता. मी रविवारी गेलो तर निघालं काय, समोरचं पॉवर बटण धुळीने आत अडकून बसलेलं. एक रुपया नाही लागला. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो, भिंतीपासून सुरुवात करा आणि आत आत जा, मदरबोर्डवर संशय सगळ्यात शेवटी.

पहिले हे ठरवा की पीसी खरंच चालू होत नाहीये की फक्त स्क्रीन काळी आहे. फॅन फिरतोय पण डिस्प्ले नाही तर तो वेगळा विषय, रॅम (मदरबोर्डवर उभी बसवलेली मेमरीची पट्टी) काढून तिची सोनेरी कडा खोडरबराने हलक्या हाताने पुसून परत बसवली की पुष्कळदा काम होतं. मी इथे सांगतोय ते पूर्ण डेड पीसीचं, बटण दाबलं तरी फॅनचं पातं हलत नाही असा.

आता भिंत. टेस्टर लावून बघितलं, पेटला, म्हणजे लाईट आहे असं धरू नका, न्यूट्रल तुटलेला असला तरी टेस्टर पेटतो. त्याच सॉकेटमध्ये टेबल फॅन नाहीतर मोबाईलचा चार्जर लावून पाहा. मग एक्स्टेंशन, स्पाइक गार्ड, यूपीएस सगळं बाजूला काढा आणि पीसी डायरेक्ट भिंतीच्या सॉकेटला लावा. यूपीएसची बॅटरी आपल्याकडच्या उन्हाळ्यात लवकर बसते आणि काही यूपीएस तर बॅटरी मेली की लाईट असली तरी चालू होत नाहीत, लोक मात्र पीसीला दोष देत राहतात. पॉवर कॉर्ड पण बदलून बघा, नवीन आणायची गरज नाही, बऱ्याच मॉनिटरला तीच तीन पिनांची कॉर्ड असते, ती काढून लावा. कॅबिनेटच्या मागे एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला लाईट पुरवणाऱ्या डब्यावर, छोटा स्विच असतो, रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद, झाडताना तो कोणाच्या हाताने बंद होतो ते कळत पण नाही. काही जुन्या एसएमपीएसवर ११५ आणि २३० लिहिलेला लाल स्विच पण असतो, तो २३० वरच पाहिजे, ११५ वर करून लाईट दिली तर एसएमपीएस फुटतो.

एवढं करून नाही झालं तर कॉर्ड काढा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा, पाच-दहा मिनिटं थांबा, परत लावा. व्होल्टेजचा झटका आला की एसएमपीएस स्वतःला वाचवायला बंद होऊन बसतो, आत उरलेला करंट निघून गेला की तो परत उठतो. लाईट जाऊन आल्यावर बंद पडलेले कितीतरी पीसी एवढ्यानेच चालू झालेले मी पाहिलेत.

आता कॅबिनेट उघडायचं. कॉर्ड काढलेली पाहिजे, आणि हात लावायच्या आधी कॅबिनेटच्या बिनरंगाच्या लोखंडाला एकदा स्पर्श करा, अंगात साठलेली स्टॅटिक वीज निघून जाते. नीट बघा, वास घ्या. जळकट वास, डोकं फुगलेले कपॅसिटर (बोर्डावरचे छोटे गोल डबीसारखे पार्ट), मुंग्यांची रांग, मेलेली पाल, आपल्याकडे हे सगळं सापडतं. धूळ अंगणात नेऊन ब्रशने काढा, ब्लोअर मारत असाल तर फॅन बोटाने धरून ठेवा. मग २४ पिनांचा मोठा कनेक्टर आणि प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनांचा छोटा, दोन्ही काढून दाबून बसवा, क्लिप बसल्याचा आवाज आला पाहिजे.

आता बटण. समोरच्या बटणाची वायर मदरबोर्डच्या कोपऱ्यात दोन पिनांवर असते, कनेक्टरवर पॉवर एसडब्ल्यू (POWER SW, म्हणजे पॉवर स्विच) लिहिलेलं असतं. पिना कुठल्या ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या, अंदाजाने नको. तो कनेक्टर काढायचा, लाईट द्यायची आणि त्या दोन पिनांना एकाच वेळी स्क्रूड्रायव्हरचं टोक सेकंदभर टेकवायचं. तिथे जेमतेम ५ व्होल्ट असतात, शॉक बसत नाही. पीसी चालू झाला तर बटण खराब, बाकी सगळं ठीक. मग रिसेट बटणाची वायर त्या पिनांवर लावून टाका, भावाचा पीसी आजही रिसेटच्या बटणावरच चालू होतो.

इथेही काही नाही झालं तर माझा पहिला संशय एसएमपीएसवर. मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) असेल तर सोपं आहे, २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये जांभळी वायर असते, पीसी बंद असताना पण भिंतीतला स्विच चालू असला की तिच्यावर काळ्या वायरच्या तुलनेत ५ व्होल्ट मिळालेच पाहिजेत, शून्य आले तर बहुतेक एसएमपीएस गेला. मल्टीमीटर नसेल तर लाईट बंद करून २४ पिनांचा कनेक्टर बोर्डातून काढा, हिरव्या आणि शेजारच्या काळ्या पिनेत स्टेपलची पिन नाहीतर पेपरक्लिप वाकवून घाला आणि मग स्विच चालू करा, एसएमपीएसचा फॅन फिरायला पाहिजे. फॅन फिरला म्हणजे शंभर टक्के चांगला असं मात्र नाही, लोड आल्यावर बसणारे पण असतात, म्हणून पिवळ्यावर १२, लालवर ५, नारंगीवर ३.३ हे पण मोजून घ्या, पाच टक्के इकडे तिकडे चालतं. सगळ्या वायरी काळ्या असतील, किंवा ऑफिसमधून निघालेला सेकंडहॅन्ड ब्रँडेड पीसी असेल तर हा प्रयोग करू नका, त्यांचा कनेक्टर बऱ्याचदा वेगळाच असतो. आणि भाऊ हात जोडून सांगतो, एसएमपीएसचा डबा उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी असतं आणि कॉर्ड काढल्यावरही ते राहू शकतं.

एसएमपीएस एकटा चालतो पण बोर्डाला लावला की मरतो, तर कुठेतरी शॉर्ट आहे. ग्राफिक्स कार्ड, हार्डडिस्क, पेनड्राईव्ह सगळं काढा, फक्त प्रोसेसर, त्याचा फॅन आणि एक रॅम ठेवून चालू करा, मग एकेक लावत जा, दर वेळी लाईट बंद करून. ज्याने बंद पडला तो चोर. बोर्डावरचा सीआर २०३२ सेल ३ व्होल्टचा असतो, तारीख-वेळ रोज मागे जात असेल तर तोही बदला, काही बोर्ड सेल मेला की अडून बसतात. एवढं सगळं करून पण डेड असेल तरच मदरबोर्डकडे बोट दाखवा, आणि दुकानात जाताना काय काय तपासलं ते कागदावर लिहून न्या.

नवीन एसएमपीएस टाकलात तर अर्थिंग पण वायरमनकडून तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाहीच आहे किंवा कमजोर आहे असं समजा, कारण उन्हाळ्यात आपल्याकडचा अर्थिंगचा खड्डा कोरडाठाक पडतो. पाऊस लागेपर्यंत त्यात आठ दिवसांनी बादलीभर पाणी ओतत जा.