आई-बाबांच्या औषधांसाठी मेडिकेअर पार्ट डी: प्लॅन घेण्याआधीची तयारी

अमेरिकेत आपल्या आई-बाबांसाठी पार्ट डीचा, म्हणजे मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्यातल्या औषधांच्या भागाचा, प्लॅन बघताना बहुतेक घरांत पहिला प्रश्न असतो, प्रीमियम किती? माझं ठाम मत आहे की सुरुवात गोळ्यांच्या डब्यापासून करावी. सगळ्या स्ट्रिप आणि बाटल्या टेबलावर मांडा आणि प्रत्येक औषधाचं मूळ नाव, मात्रा, दिवसातून किती वेळा, हे कागदावर उतरवा. भारतातून आणलेल्या स्ट्रिपवरच्या ब्रँडने इथे शोध लागत नाही. टेल्मा म्हणजे टेल्मिसार्टन, थायरोनॉर्म म्हणजे लिव्होथायरॉक्सिन. ग्लायकोमेट-जीपी गोळी एक असली तरी तिच्यात मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड ही दोन औषधं आहेत. ती वेगवेगळी लिहा. पॅन-डीमधल्या डॉमपेरिडोनला तर अमेरिकेत मान्यताच नाही, म्हणून त्याऐवजी काय घ्यायचं ते इथल्या डॉक्टरांना आधीच विचारा.

यादी झाली की पात्रता बघा. पार्ट डीसाठी मेडिकेअरचा पार्ट ए (रुग्णालयाचा विमा) किंवा पार्ट बी (डॉक्टर आणि तपासण्यांचा विमा) हातात असावा लागतो. इथे नोकरी न केलेल्या ग्रीन कार्डधारक आई-बाबांना वयाची 65 वर्षं आणि इथलं सलग पाच वर्षांचं वास्तव्य पूर्ण झाल्यावर पार्ट बी विकत घेता येतो. ग्रीन कार्ड, पासपोर्ट आणि प्रवासाच्या तारखा एकाच फाइलमध्ये ठेवा.

मुदतीकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. आधीपासून इथे असलेल्यांना 65व्या वाढदिवसाचा महिना, त्याआधीचे तीन आणि नंतरचे तीन, असे सात महिने मिळतात. त्यानंतर तोडीस तोड औषधविमा नसताना सलग 63 दिवस गेले, तर दंड लागू शकतो, आणि तो सहसा पार्ट डी असेपर्यंत सुटत नाही. दंड मोजायला धरला जाणारा आधारभूत प्रीमियम 2026 साठी 38.99 डॉलर आहे. दर महिन्याच्या उशिराला त्याचा एक टक्का. वीस महिने उशीर झाला तर दरमहा सुमारे 7.80 डॉलर जास्त. आज गोळी एकही नसली तरी स्वस्तातला प्लॅन घेऊन ठेवावा, असं मी म्हणते ते यासाठी. नोकरीतला विमा चालू असेल तर त्यातलं औषधांचं संरक्षण मेडिकेअरच्या तोडीचं आहे, असं पत्र कंपनीकडून मागून घ्या आणि जपून ठेवा.

योजना सरकारी असली तरी प्लॅन चालवतात खासगी कंपन्या, आणि प्रत्येकीची औषधांची यादी वेगळी. मेडिकेअरच्या सरकारी संकेतस्थळावर आपली यादी, पिन कोड आणि नेहमीची फार्मसी भरा. मग प्रीमियमऐवजी वर्षाचा एकूण खर्च बघा. कोणतं औषध कोणत्या टिअरमध्ये, म्हणजे खर्चाच्या पायरीवर, आहे, कशाला पूर्वपरवानगी लागते, कशाआधी दुसरं स्वस्त औषध घेऊन बघावं लागतं, हे टिपून घ्या. आई-बाबा मेडिकेअर ॲडव्हांटेजमध्ये, म्हणजे खासगी कंपनीच्या एकत्रित मेडिकेअर प्लॅनमध्ये, असतील तर औषधं बहुधा त्यातच येतात. वेगळा पार्ट डी घेतला तर त्यांचा ॲडव्हांटेज प्लॅनच बंद होऊ शकतो.

खर्चाला आता मर्यादा आहे. 2026 मध्ये यादीतल्या औषधांवर खिशातून 2,100 डॉलर गेले की त्या वर्षी पुढे शून्य. इन्सुलिन महिन्याला जास्तीत जास्त 35 डॉलर, शिंगल्सची (नागिणीची) लस मोफत. वर्षाच्या सुरुवातीला मोठं बिल झेपणार नसेल, तर ते महिन्यांत विभागून द्यायची सोय प्लॅनकडे मागा. उत्पन्न आणि बचत कमी असेल तर सोशल सिक्युरिटी या सरकारी खात्याकडे ‘एक्स्ट्रा हेल्प’ या औषधखर्चाच्या मदतीसाठी अर्ज जरूर करा. लाज वाटण्यासारखं त्यात काहीच नाही.

भारतात घेतलेली औषधं या मर्यादेत धरत नाहीत, त्यामुळे लांबच्या मुक्कामाआधी 90 दिवसांच्या गोळ्या मिळतील का, हे फार्मसीत विचारा. सप्टेंबरमध्ये प्लॅनकडून पुढच्या वर्षीच्या बदलांचं पत्र येतं. ते आई-बाबांच्या टपालातून शोधून काढा आणि 15 ऑक्टोबर ते 7 डिसेंबर या काळात जुनी यादी नव्याने भरून पाहा. अडलं तर प्रत्येक राज्यात ‘शिप’ या मेडिकेअर सल्ला देणाऱ्या कार्यक्रमाचे सल्लागार मोफत मदत करतात.