गावठाणाचा इतिहास लिहायचाय? शाळा, पंचायत आणि देवळाचे कागद असे वाचा

घणसोली, करावे, दिवाळे, कोलशेत, ओवळे, कुठल्याही गावठाणात देऊळ किती जुनं विचारलं की उत्तर येतं, "पूर्वापार." शाळा आजोबांच्या वेळची, आणि ग्रामपंचायत "होती पूर्वी." एवढ्यावर इतिहास लिहिता येत नाही. पण या तिन्ही ठिकाणी कागद आहेत आणि एकाचा कागद दुसऱ्याची चूक पकडतो. ठाणे महापालिका १ ऑक्टोबर १९८२ ला झाली, नवी मुंबईची १ जानेवारी १९९२ ला. त्या वेळी पंचायतींची दप्तरं जागेवरून हलली, शाळा जिल्हा परिषदेकडून महापालिकेकडे आल्या. उरलेल्या वह्यांना दर पावसाळ्यात ओल आणि वाळवी लागते, म्हणून हे काम पुढे ढकलू नये.

एक जाड वही घ्या आणि चार रकाने आखा: घटना, तारीख, कोणत्या कागदावरून, पान किंवा नोंद क्रमांक. चौथा रकाना रिकामा असेल ती नोंद पेन्सिलनेच लिहायची. ही शिस्त पहिल्या दिवसापासून पाळा, कारण सहा महिन्यांनी ऐकलेलं आणि वाचलेलं यांची सरमिसळ होते आणि ती नंतर सोडवता येत नाही.

सुरुवात शाळेपासून करा, देवळापासून नको. शाळेच्या तारखा नेमक्या असतात. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन सर्वांत जुनं जनरल रजिस्टर बघायला मागा. त्यात रजिस्टर नंबर, नाव, जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, इयत्ता, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण असे रकाने असतात. पहिली नोंद म्हणजे शाळेचा पहिला दिवस, असं लगेच धरू नका. पहिल्या पानावर वीस-तीस मुलं एकाच तारखेला वेगवेगळ्या इयत्तांत दाखल झालेली दिसली, तर दोन शक्यता असतात: शाळा तेव्हा उघडली, किंवा जुनं रजिस्टर भरलं म्हणून नवं सुरू केलं. निर्णय 'आधीची शाळा' हा रकाना देतो. तिथे शेजारच्या गावाचं नाव असेल तर शाळा नवी. तिथे याच शाळेचं नाव किंवा जुना नंबर असेल तर आधीचं एक रजिस्टर कुठेतरी आहे, ते शोधायचं.

तारीख नसलेल्या पानावर शिक्का बघा. 'डिस्ट्रिक्ट लोकल बोर्ड' किंवा 'स्कूल बोर्ड' असेल तर पान १ मे १९६२ च्या आधीच्या कारभारातलं, कारण त्या दिवसापासून जिल्हा परिषदा आल्या. (जुने शिक्के पुढेही काही काळ वापरले जाऊ शकतात, म्हणून शिक्क्याला शाईतल्या तारखेचा आधार शोधाच.) आज शाळेच्या नावापुढे असलेला क्रमांक महापालिकेने दिलेला आहे, त्याचा शाळेच्या वयाशी संबंध नाही. अर्ध्या वर्गाची जन्मतारीख १ जून दिसली तर ती गुरुजींनी प्रवेशासाठी घातलेली समजा, त्यावरून कुणाचं वय मांडू नका. रजिस्टरात जाती आणि घरच्या नोंदी असतात. पानांचे फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायचे नाहीत, तारखा आणि आकडेच उतरवून घ्या. पान मोडी लिपीत असेल तर वाचणाऱ्याला सोबत न्या, अंदाजाने वाचू नका.

पंचायतीचं दप्तर मिळवणं जास्त चिकाटीचं. आधी एक चूक टाळा: १९५८ चा ग्रामपंचायत कायदा १ जून १९५९ पासून लागू झाला, म्हणून सरसकट '१९५९ ला स्थापना' लिहिलं जातं. पण १९२० आणि १९३३ च्या कायद्यांखालीही पंचायती होत्या, तुमची जुनी असू शकते. शिवाय गट ग्रामपंचायत, म्हणजे दोन-तीन गावांची मिळून एक, असेल तर दप्तर शेजारच्या गावाच्या नावाने लावलेलं असतं. दोन्ही नावांनी विचारा.

तुम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत: सभेचं प्रोसिडिंग बुक आणि नमुना ८, म्हणजे कर आकारणीची नोंदवही. प्रोसिडिंगात विहिरीची दुरुस्ती, शाळेच्या खोलीला दिलेली जागा, जत्रेचा खर्च, सरपंच-उपसरपंचांच्या निवडी सापडतात. नमुना ८ मध्ये घराघराचं बांधकाम कळतं: कौलारू, कुडाच्या भिंती, पक्कं. महापालिकेच्या विभाग कार्यालयात आणि पंचायत समितीत तोंडी चौकशी करा. तोंडी काम झालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. त्याला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांत. 'गावाची सर्व माहिती द्यावी' असं लिहिलं की नकार ठरलेला. 'अमुक ग्रामपंचायतीची सन १९६० ते १९७० ची प्रोसिडिंग बुके अवलोकनासाठी मिळावीत' असं लिहा. अवलोकनाचा पहिला तास मोफत असतो, त्यात पानांचे क्रमांक टिपा आणि लागतील तेवढ्याच प्रती मागा. उत्तराची मुदत ३० दिवस.

आता देऊळ. इथे सर्वांत जास्त फसगत होते, कारण दर्शनी भागातली संगमरवरी पाटी जीर्णोद्धाराची असते. स्लॅबच्या देवळाखाली जुनं कौलारू देऊळ होतं का, ते नमुना ८ आणि जुने फोटो सांगतात. घंटा, उंबरा, दीपमाळ, समाधी सगळं नीट पाहा. अक्षरं झिजली असतील तर खडू, तेल किंवा रंग लावू नका, दगड खराब होतो. संध्याकाळी टॉर्च बाजूने जवळजवळ दगडाला टेकवून धरा, सावलीत अक्षरं उठून दिसतात.

साल शकात दिलं असेल तर इसवी सनासाठी त्यात चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनापर्यंत ७९ मिळवा. शके १७९५ चा चैत्र म्हणजे १८७३. आकडा अर्धवट असेल तर संवत्सराचं, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या त्या वर्षाचं, नाव वापरा: शकात १२ मिळवून ६० ने भागा, बाकी राहील तो संवत्सराचा क्रमांक. १७९५ ला बाकी ७, सातवं संवत्सर श्रीमुख. पाटीवर श्रीमुख आणि शके १७९_ असेल तर शेवटचा आकडा ५ च. गुजराती दात्याच्या घंटेवर विक्रम संवत असतो, त्यातून कार्तिक ते डिसेंबर ५७ आणि पुढे ५६ वजा करा. घंटेवर क्रूस आणि रोमन अक्षरं दिसली तर चकित होऊ नका. १७३९ मध्ये वसई घेतल्यावर पोर्तुगीज घंटा मराठी मुलखातल्या देवळांत गेल्या. ते साल घंटेचं, देवळाचं नव्हे.

सप्ताहाचा बॅनरही पुरावा आहे. २०२४ च्या बॅनरवर 'वर्ष ७५ वे' असेल तर सुरुवात १९५० ची. मात्र कोरोनात खंड पडलेली वर्षं मोजली की नाही, हे मंडळाला विचारा. धर्मादाय आयुक्तांकडचा परिशिष्ट १ चा उतारा विश्वस्त आणि मालमत्ता दाखवतो. नोंदणी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यानंतरची असते, ती स्थापनेची तारीख नाही. देवाच्या नावे जमीन होती असं ऐकलं तर तलाठ्याकडचा गाव नमुना ३ (इनाम जमिनींची नोंदवही) आणि जुने फेरफार काढा, देवस्थान इनाम वर्ग ३ मध्ये सापडेल. जमीन सिडकोसाठी गेली असेल तर भूसंपादनाचा निवाडा मागा, त्यात विहीर, झाडं आणि बांधकामाची मोजदाद असू शकते.

गावात चर्च असेल तर फादरांकडे बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या वह्या असतात. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरचे, म्हणजे इंग्रज सरकारने छापलेल्या जिल्ह्याच्या माहितीग्रंथाचे, खंड १३ आणि १४ शेवटी चाळा. गाव आज रायगडमध्ये पनवेल-उरणला असलं तरी तेव्हाची नोंद याच खंडांत आहे.

जुन्या माणसांना 'कुठल्या साली' विचारू नका. 'वाशीच्या खाडीपुलाच्या आधी की नंतर, वाशीला रेल्वेगाडी आली तेव्हा देऊळ असंच होतं का' असं विचारा. पूल १९७३ चा, वाशीची गाडी १९९२ ची.

छापण्याआधी मजकूर गावकीच्या बैठकीत मोठ्याने वाचा. कुणी हरकत घेतली आणि कागद नसेल, तर दोन्ही म्हणणी शेजारी शेजारी लिहा, कुणाच्या तोंडची ते नोंदवा, आणि पेन्सिलची नोंद पेन्सिलचीच राहू द्या.